आमच्या विहिरीतील वटवाघळे : एक पाहणी

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला पर्यावरण अभ्यासाचा प्रकल्प करावा लागतो. आमच्या वर्गातील बहुतेकांनी ‘प्रदूषण’ हा विषय घेतला. त्यामागे प्रदूषणाविषयी तळमळ आहे असे नाही. मागल्या वर्षीच्या वह्या मिळतात, हे खरे कारण आहे, आणि ते आमच्या प्राध्यापकांनाही ठाऊक आहे. मीसुद्धा तेच करणार होतो. परंतु 2025 च्या गणपतीत आमच्या घरी एक वाद झाला आणि माझा विषय बदलला.

वाद विहिरीचा होता. आमच्या मळ्यात आबाजींच्या वडिलांनी बांधलेली एक दगडी विहीर आहे. तिच्या काठावर मोटेचे थारोळे अजून शाबूत आहे, पण आत पाणी नाही. वरूड तालुक्यात संत्र्याच्या बागा वाढल्या, बागांसाठी बोअर झाले, एक आटला की त्याहून खोल दुसरा, आणि भूजलाचा उपसा भरण्यापेक्षा जास्त होऊन बसला. जुन्या विहिरी अशा कोरड्या पडल्या. विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणवून घेण्याची ही किंमत आहे. असो. तर या कोरड्या विहिरीत कित्येक वर्षांपासून वटवाघळांनी ठाण मांडले आहे. विहीर आमच्या आणि काकांच्या सामायिक मालकीची. काकांचे म्हणणे असे की, आंब्या बहाराची फळे गळतात ती या वटवाघळांमुळे, शिवाय आता ‘निपाह’ची बातमी दरवर्षी येते, तेव्हा दिवाळीत आत सुतळी बॉम्ब टाकून ती हुसकावावीत आणि पुढे जेसीबी लावून विहीर बुजवावी. आबाजी काही बोलले नाहीत. त्यांचा जीव विहिरीत, पण हिशेब काकांच्या बाजूला होता.

मीही गप्प होतो. माझ्या गप्प राहण्याला कारण होते, ते पुढे सांगेन.

भूगोलाच्या सरांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “मग हाच विषय घे की! फळगळ वटवाघळांमुळे होते की नाही, ते आधी पाहा. बॉम्ब काय, केव्हाही टाकता येतो.” त्यांच्या ओळखीने नागपूरकडील एक संशोधक ताई आमच्याकडे तीन रात्रींसाठी यायला तयार झाल्या. प्राणिशास्त्रात त्या वटवाघळांवरच काम करतात आणि त्यांच्याजवळ वनविभागाची लेखी परवानगी होती. ही परवानगी आवश्यक आहे, हे मला नव्यानेच कळले. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळे खाणारी वटवाघळे कावळे, उंदीर आणि घुशी यांच्या पंक्तीला ‘उपद्रवी’ म्हणून बसवलेली होती, कोणीही मारावीत. 2022 च्या दुरुस्तीने ती उपद्रवी प्राण्यांची अनुसूचीच गेली आणि 1 एप्रिल 2023 पासून ही दुरुस्ती अमलात आली. आमच्या काकांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “कायद्याले म्हणा, बागेतले संत्रे वेचून दे.”

ताईंनी दिवाळीच्या अगोदरचे दिवस मुद्दाम निवडले. अमावास्या जवळ असली की रात्र काळोखी असते. चांदण्यात पुष्कळ वटवाघळे बाहेर पडायला बिचकतात आणि पडली तरी त्यांना जाळे दिसते. वसुबारसेच्या आदल्या दिवशी, 16 ऑक्टोबरला, आम्ही कामाला लागलो. आल्याआल्या त्यांनी आम्हा तिघा विद्यार्थ्यांना पहिला नियम सांगितला : कुणीही वटवाघळाला हात लावायचा नाही. त्यांनी स्वतः रेबीजची पूर्वलस घेतलेली होती, आम्ही घेतलेली नव्हती. आमच्याकडे बांबू धरणे, घड्याळ पाहणे, लिहून घेणे एवढेच काम. विहिरीत उतरायचे नाही, हा दुसरा नियम.

जाळे पाहून आमची निराशाच झाली. माशाच्या जाळ्यासारखे काहीतरी दणकट असेल अशी कल्पना होती. हे तर केसासारख्या बारीक काळ्या नायलॉनचे. नऊ मीटर लांब, अडीच मीटर उंच, आणि हातात घेतले तर मुठीत मावेल. त्याला आडव्या दोऱ्या असतात आणि दोऱ्यांच्या मध्ये जाळे सैल सोडून झोळ ठेवतात. वटवाघूळ आपटले की त्या झोळात पडते. जाळे ताणून बांधले तर ते चेंडूसारखे उसळून निघून जाते. ताईंनी जाळे विहिरीच्या अगदी तोंडावर लावले नाही. तोंडावर लावले तर एकदम शंभर अडकतील, सोडवेपर्यंत निम्मी मरतील, असे त्या म्हणाल्या. विहिरीपासून तीस-चाळीस पावलांवर, उंबराच्या वाटेवर, दोन बांबूंमध्ये ते उभे केले. वारा सुटला की जाळे हलते आणि मग कोणी फसत नाही. पहिल्या संध्याकाळी वारा होता. तासभर आम्ही एका रातकिड्याशिवाय काही पकडले नाही. आबाजी बाजेवर बसून पाहत होते. “वाघळं मोजून पोट्ट्याले नोकरी लागते काय?” त्यांनी विचारले. ताई हसल्या. “मला तर अजून लागली नाही, आबाजी,” त्या म्हणाल्या. त्यावर आबाजींनी त्यांच्यासाठी चहा सांगितला.

वाट पाहण्यात बराच वेळ जातो, आणि त्या वेळात ऐकायला मिळते. विहिरीच्या काठावर ताईंनी आम्हाला कान द्यायला लावले. आतून ‘टक्-टक्’ असा बारीक आवाज येत होता. लहानपणापासून मी तो ऐकला होता, पण पाणी ठिबकते असे समजत होतो. कोरड्या विहिरीत पाणी कुठून ठिबकणार, हा प्रश्न मला इतक्या वर्षांत पडला नाही! तो जिभेचा आवाज होता. बहुतेक फळाहारी वटवाघळे डोळ्यांनी पाहतात आणि नाकाने फळ शोधतात. अंधारात त्यांनाही अडचण येते. रूसेटस या वंशातील वटवाघळे मात्र जीभ टाळ्याला वाजवतात आणि भिंतीवरून परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून वाट काढतात. म्हणूनच त्यांना खोल विहिरी, गुहा, भुयारे चालतात. कीटकभक्षी वटवाघळांची रीत याहून पुष्कळ सूक्ष्म आहे. ती घशातून इतका उंच आवाज काढतात की माणसाच्या कानाला तो ऐकूच येत नाही.

ही गोष्ट जगाला कळायला फार वेळ लागला. इटलीत स्पालांझानी नावाच्या पाद्री शास्त्रज्ञाने 1790 नंतरच्या दशकात वटवाघळांचे डोळे काढून त्यांना सोडले. काही दिवसांनी पाव्हिया येथील घंटाघरात ती परत पकडली, तर त्यांची पोटे किड्यांनी भरलेली! जूरीन या स्विस शल्यवैद्याने कान बंद केले, तेव्हा मात्र ती भिंतीवर आदळू लागली. कानाने दिसते, हे म्हणणे त्या काळच्या विद्वानांनी हसण्यावारी नेले. 1938 साली अमेरिकेत डोनाल्ड ग्रिफिन या विद्यार्थ्याने एका भौतिकशास्त्रज्ञाने बनवलेल्या यंत्रापुढे वटवाघूळ धरले, तेव्हा न ऐकू येणारा तो आवाज यंत्राने पकडला. ग्रिफिन त्या वेळी विद्यार्थी होता, हे येथे जरा आग्रहाने नोंदवतो.

वारा साडेसात वाजता पडला आणि पावणेआठला पहिले वटवाघूळ जाळ्यात आले.

सोडवण्याची रीत सांगण्यासारखी आहे. ताईंनी हातमोजे घातले, आधी ते कोणत्या बाजूने जाळ्यात शिरले ते पाहिले आणि त्याच बाजूने सोडवायला घेतले. प्रथम पाय, मग शेपटाकडचा भाग, मग एक पंख, मग दुसरा, शेवटी डोके. ज्या क्रमाने गुंतले त्याच्या उलट क्रमाने. दर दहा मिनिटांनी जाळे पाहायचे, म्हणजे प्राणी दमत नाही आणि धागेही कुरतडत नाही. सोडवलेले वटवाघूळ सुती पिशवीत घालतात, पिशवी दोरीला टांगतात, आणि आत ते निमूटपणे उलटे लटकून राहते. पिशवीसकट ताणकाट्यावर वजन, नंतर पिशवीचे वजन वजा. मग कोपरापासून मनगटापर्यंतचे हाड मापायचे. ओळख पटवण्यासाठी हे माप फार महत्त्वाचे, कारण रंग वयाप्रमाणे बदलतो, वजन पोट भरले की बदलते, हाड बदलत नाही. आमच्या पहिल्या पाहुण्याचे हे हाड 81 मिलीमीटर भरले आणि वजन 76 ग्रॅम. ताईंनी नाव सांगितले : रूसेटस लेशेनॉल्टी. लेशेनॉल्ट हे फ्रेंच निसर्गसंशोधक. पाँडिचेरीकडचा नमुना पाहून 1820 साली या जातीचे वर्णन झाले आणि नाव त्यांचे पडले. आमच्या विहिरीला अशा रीतीने फ्रान्सशी नाते जोडता येते.

मापे झाल्यावर ताईंनी पंख उलगडून त्याच्यामागे विजेरी धरली. पातळ कातडीतून रक्तवाहिन्यांची जाळी दिसू लागली आणि तिच्यात चार लांबच लांब बोटे. अंगठा वेगळा, नखासह. बोटांचे सांधे गाठीसारखे भरलेले असतील तर प्राणी पुरा वाढलेला. सांध्यातून उजेड आरपार दिसला तर ते कूर्च आहे, म्हणजे पिल्लू. प्राणिशास्त्रात या गणाला ‘हातपंखी’ अशा अर्थाचे ग्रीक नाव आहे. आबाजी बाजेवरून उठून जवळ आले आणि बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, “हे तं मानसाचा हात हाय बाप्पा.”

तीन रात्रींत अकरा वटवाघळे मिळाली. नऊ विहिरीतली, आणि दोन बागेच्या कडेच्या जाळ्यात आलेली पिवळ्या पोटाची कीटकभक्षी वटवाघळे, जी घरांच्या फटींत राहतात. सर्व अकरा त्याच रात्री सोडली. काकांनी त्यावरही विचारले, “धरले तं परत कायले सोडता? तिकडंच घेऊन जा म्हणा.” पूर्वीचे संशोधक तसेच करीत. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने 1911 साली सस्तन प्राण्यांचे सर्वेक्षण सुरू केले. तिचे संग्राहक गावोगाव हिंडून प्राणी मारीत, कातडे आणि कवटी चिठ्ठी लावून पाठवीत. हेटाळणी करण्यासारखे ते काम नव्हते. त्याच सर्वेक्षणात 1912 साली बेळगाव जिल्ह्यातील तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेत एक मोठ्या कानांचे वटवाघूळ सापडले, ते शास्त्राला अगदी नवे होते, आणि पुढे कित्येक दशके साऱ्या जगात त्याची तेवढी एकच वसाहत माहीत होती. एका गुहेत कुणी सुतळी बॉम्ब टाकला असता तर त्या जातीची आपली सारी माहिती तिथेच संपली असती.

आपल्या नागपूरच्या विज्ञान संस्थेत प्रा. ए. गोपालकृष्ण यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वटवाघळांच्या प्रजननावर आयुष्य घातले, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? मला नव्हते. आमच्या विहिरीतील याच जातीवर प्रा. गोपालकृष्ण आणि प्रा. चौधरी यांचा निबंध 1977 साली नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला. त्याचा सारांश असा की, ही मादी वर्षातून दोनदा विते आणि प्रत्येक वेळी एकच पिल्लू होते. हिवाळ्याच्या सुरुवातीला गर्भ राहतो, मार्चच्या सुमारास पहिले पिल्लू. लगेच पुन्हा गर्भ, आणि पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टकडे, दुसरे. ताईंनी ऑक्टोबर निवडला त्याचे दुसरे कारण हे. या दिवसांत पिल्ले सुटी झालेली असतात आणि नवा गर्भ राहिलेला नसतो. “मार्चमध्ये मी जाळे लावत नाही,” त्या म्हणाल्या. “आई जाळ्यात येते ती पिल्लू छातीशी घेऊन. नाहीतर पिल्लू विहिरीत लटकलेले असते आणि आई इथे पिशवीत.”

आता माझ्या गप्प राहण्याचे कारण सांगतो. मी पाचवीत असताना, होळीच्या दुसऱ्या दिवशी, आम्ही चार पोरांनी या विहिरीत पऱ्हाट्यांचा पेटता भारा टाकला. आत काय होते ते पाहायचे होते, एवढाच हेतू. धूर भरला आणि वटवाघळे भरदुपारी बाहेर पडली. कावळ्यांनी आणि घारींनी पुष्कळ टिपली. संध्याकाळी मी एकटाच वाकून पाहायला गेलो. तळाला राखेत बोटाएवढी, बिनकेसांची पिल्ले पडली होती. मी ती उंदराची समजलो, किंवा समजून घेतले. घरी कुणाला सांगितले नाही. होळी मार्चमध्ये येते. ताई बोलत असताना मी वहीत ‘मार्च’ हा शब्द लिहिला आणि पुढचे वाक्य माझ्याकडून लिहायचे राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंना सांगितले. त्यांनी फक्त विचारले, “त्यानंतर ती परत केव्हा आली?” मला आठवत नव्हते. आबाजी म्हणाले, दोन पावसाळे विहीर मुकी होती. म्हणजे त्यांना माहीत होते.

मूळ प्रश्न संत्र्याचा. त्यासाठी आम्ही दोन गोष्टी केल्या. विहिरीच्या तळाशी दोरांनी एक जुनी ताडपत्री सोडली आणि तीन दिवसांनी वर ओढून तिच्यावर पडलेले सारे तपासले. फळाहारी वटवाघूळ फळ चावून रस गिळते आणि चोथा थुंकते. बारीक बिया मात्र पोटातून जातात. ताडपत्रीवर उंबराच्या बिया अगणित होत्या. पेरूच्या बियाही भरपूर होत्या. येथे वटवाघळांची बाजू लंगडी पडते हे मान्य केले पाहिजे, कारण आमच्या मळ्यात पेरूची चारच झाडे आहेत आणि आबाजींना ती संत्र्यापेक्षा प्रिय आहेत. संत्र्याची बी किंवा साल एकही नव्हती. तीन दिवसांच्या एका ताडपत्रीवरून साऱ्या तालुक्याचा निर्णय देता येणार नाही, असे ताईंनी दोनदा बजावले. तसे लिहून ठेवतो.

दुसरी गोष्ट म्हणजे रात्री नऊच्या पुढे विजेऱ्या घेऊन बागेतून फिरणे. मी संत्रेवाल्याच्या घरात जन्मलो, पण रात्रीची बाग अशी कधी पाहिली नव्हती. फळांवर मोठाले तपकिरी पतंग बसलेले होते आणि उजेडात त्यांचे डोळे निखाऱ्यासारखे लाल चमकत होते. मागचे पंख नारिंगी. हा रसशोषक पतंग. आपल्या फुलपाखरांची सोंड मऊ असते, याची टोकाला कठीण आणि दातेरी. तो साल भोसकून रस ओढतो. छिद्र टाचणीएवढे. दुसऱ्या दिवशी त्याभोवती तपकिरी वर्तुळ येते, आत बुरशी आणि जिवाणू शिरतात, फळ सडते आणि गळते. सकाळी शेतकरी पाहतो तेव्हा पतंग गेलेला असतो आणि विहिरीत वटवाघूळ मात्र हजर असते. आम्ही झाडाखालची गळालेली फळे उचलून पाहिली. ताज्या फळांवर बहुतेक ठिकाणी छिद्र सापडले, दातांची खूण एकावरही नाही.

याची अळी संत्र्यावर वाढतच नाही. ती वाढते गुळवेलीवर आणि वासनवेलीवर. करोनाच्या काळात काढ्यासाठी म्हणून आम्ही धुऱ्यावरची गुळवेल हौसेने वाढू दिली होती! धुऱ्यावरचे वेल काढावेत, संध्याकाळी बागेत धूर करावा, गळालेली फळे वेचून पुरावीत, असा सल्ला कृषी शास्त्रज्ञ कधीपासून देत आले आहेत.

बागेच्या कडेला मिळालेल्या त्या दोन पिवळ्या वटवाघळांनी पिशवीत टाकलेली लेंडके ताईंनी डबीत ठेवली होती. आमचे महाविद्यालय कला शाखेचे, सूक्ष्मदर्शक कुठला असणार? गावातील एका शाळेतून तो उसना आणला. भुंगेऱ्यांच्या पाठीचे चकचकीत तुकडे आणि पतंगांच्या पंखांवरचे खवले मी स्वतः पाहिले. ते खवले रसशोषक पतंगाचेच होते काय, हे तेवढ्यावरून सांगता येत नाही. पण ही वटवाघळे रात्रभर बागेवरून कोणत्या कामासाठी फिरतात, हे काकांनाही सूक्ष्मदर्शकातून दिसले. ते काही बोलले नाहीत. पुन्हा एकदा डोळा लावून पाहिले.

निपाहचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मलेशियात 1998-99 मध्ये हा रोग प्रथम ओळखला गेला. आपल्याकडे 2001 साली सिलिगुडीत आणि 2018 साली कोझिकोडमध्ये माणसे दगावली. कोझिकोडच्या साथीत 17. तो विषाणू वटवाघळांच्या शरीरात त्यांना आजारी न पाडता राहतो. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने मार्च 2020 मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेत आमच्यासारखीच जाळी लावून वटवाघळे धरली, आणि त्यांतील काहींच्या रक्तात निपाहविरुद्धची प्रतिपिंडे आढळली. 2021 साली ही बातमी वर्तमानपत्रांत गाजली. ती प्रामुख्याने रूसेटस लेशेनॉल्टी होती, म्हणजे आमच्या विहिरीतलीच जात. हे मी काकांपासून लपवले नाही. ती पाहणी वटवाघळांची होती, आजारी माणसांची नव्हती, हेही सांगितले. ताईंचा सल्ला साधा होता : विहिरीत उतरू नका, उष्टे फळ खाऊ नका, जनावरांनाही घालू नका, मेलेल्या वटवाघळाला हात लावू नका. आणि हुसकावूही नका. हुसकावलेली दोनशे वटवाघळे नाहीशी होत नाहीत, ती गावातल्या गोठ्यांत आणि माळ्यांवर जाऊन बसतात.

ताई धनत्रयोदशीच्या दुसऱ्या दिवशी गेल्या. आबाजींनी पेरूच्या झाडांवर आजीच्या जुन्या लुगड्यांचे तुकडे बांधले आहेत. काकांनी धुऱ्यावरची गुळवेल मुळापासून काढली, तिच्यासोबत माझी एक कुदळही मोडली. विहीर बुजवायची की नाही, याबद्दल त्यांनी अजून होकारही दिलेला नाही आणि नकारही. उन्हाळ्यात बघू, म्हणतात. मार्चमध्ये नको, एवढे मी त्यांच्याकडून कबूल करून घेतले आहे.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, 21 ऑक्टोबरला, मी वही घेऊन काठापासून दूर बसलो. गावात फटाके सुरू झाले होते. एरवी सव्वासहाला निघणारी वटवाघळे सातपर्यंत निघाली नाहीत. आत नुसती टक्-टक् चालू होती. सात वाजून दहा मिनिटांनी पहिले बाहेर आले, विहिरीवर दोन फेऱ्या घालून उंबराकडे गेले. काका केव्हा मागे येऊन उभे राहिले ते मला कळले नाही. त्यांच्या हातात पिशवी होती. ती त्यांनी थारोळ्यावर ठेवली आणि म्हणाले, “लिही तू. मी मोजतो.”